कापडं धुवू नका

३ जानेवारी

चिंगे,

तुला एक आजी आहे. आठवते का बघ. बुटकी, पुढचे दोन दात नसलेली, तुझ्या आईची आई. लहानपणी जिच्या पाठीवर बसून तू घरभर फिरायचीस ती. दोन महिने तुझं पत्र नाही, तेव्हा म्हटलं आपणच ओळख करून द्यावी. बाळंतिणींच्या वॉर्डात सिस्टर झालीस, शंभर बायकांची औषधं तोंडपाठ ठेवतेस, आणि एक पत्ता तुझ्या डोक्यात राहत नाही.

हे पत्र नेहमीप्रमाणे तुझी मामी लिहिते आहे. मला अक्षर येत नाही आणि तिला गप्प बसता येतं, म्हणून आमचं जमतं. एकच खोड आहे तिला. मी बोलेन ते सगळं उतरवते. मागे तुझ्या मावशीच्या पत्रात मी म्हटलं, "हिचा नवरा म्हणजे नुसता दगड, हे लिहू नकोस," तर "हे लिहू नकोस" यासकट लिहून पेटीत टाकलं. मावशीचं उत्तर अजून यायचंय.

(एकही शब्द गाळायचा नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं. — मामी)

बघितलंस? आता बातमी. तुझ्या मामीला सातवा महिना लागला. लग्नाला बारा वर्षं झाली, तिला छत्तिसावं सरलं, आम्ही सगळ्यांनी तो विषय गुंडाळून माळ्यावर टाकला होता. तुझा मामा आनंदाने रोज व्हॅन धुतो. मालकाची व्हॅन, पण धुतो.

मामी म्हणते, बाळंतपण घरीच, आणि तुमच्याच हातून. तुला माहीत आहे ना, तिची आई हिला जन्म देऊनच गेली. हृदय कमजोर होतं बिचारीचं. मीच होते तिच्यापाशी. मामी म्हणते, माझी आई तुमच्यापाशी शांत गेली, मी तुमच्या हातात आले, माझंही मूल तिथेच येऊ दे. मी सुईणपण सोडून दहा वर्षं झाली, पण हात काही विसरत नाहीत. माझी दोरी अजून खुंटीला आहे. दर बाळंतपणाला एक गाठ, तीनशे सोळा गाठी. आणि माझी खोली कशी असायची ते या गल्लीत कुणालाही विचार. मूल रडायच्या आत खालचं कापड बदललेलं, मळकं मागच्या दारी गार पाण्यात, चादर पांढरीशुभ्र. नवरा आत आला की विचारायचा, इथेच झालं का? रक्त बाळंतिणीच्या नजरेला पडता कामा नये, घाबरते ती. हे तुला मीच शिकवलं, आठवत असेल तर.

डोळे ठणठणीत आहेत.

(परवा चहात मीठ घातलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, दाखवायला येत नाहीत. — मामी)

पत्र टाक.

तुझी आजी


२१ जानेवारी

आजी, आणि वाचून दाखवणारी मामी,

मी विसरले नव्हते. लिहायला बसायची आणि उठायची.

आमच्याकडे एक शिवणकाम करणारी बाई आली होती. सत्तावीस वर्षांची, तिसरं बाळंतपण. सकाळी अकराला मुलगा झाला, वार सगळी पडली, गर्भाशय आवळायचं इंजेक्शन मी वेळेवर दिलं. सगळं नेहमीसारखं. रक्त धो-धो गेलं असतं तर मला दिसलं असतं, आजी. ते बारीक धारेने जात राहिलं. मी दर थोड्या वेळाने खालचं कापड बदलत होते आणि मळकं धुण्याच्या गाडीत टाकत होते. पावणेबाराला डॉक्टरबाई आल्या. चादर पांढरी. त्यांनी विचारलं, रक्त किती गेलं? मी म्हटलं, नेहमीएवढं. त्यांनी तेच लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

एक वाजता ती म्हणाली, "सिस्टर, खोली फिरतेय." नाडी एकशेतीस, हात गार. पोटावर हात ठेवला. गर्भाशय चेंडूसारखं टणक लागायला हवं, ते भिजल्या कणकेसारखं. दाबलं तशा गाठीच्या गाठी बाहेर आल्या. मग सगळे धावले. एकीने पोट चोळत ठेवलं, एकीने नळी घालून लघवी काढली, कारण लघवीने भरलेली पिशवी गर्भाशयाला आवळू देत नाही. दोन्ही हातांत सुया, आवळायच्या औषधाची सलाइन, रक्त थांबवायला मदत करणारं दुसरं इंजेक्शन. आतून दाब द्यायला पाण्याने फुगवायचा रबरी फुगाही घातला. थांबलं नाही. शेवटी गर्भाशय काढावं लागलं, तेव्हा वाचली.

शुद्धीवर आल्यावर तिने मला काय विचारलं माहीत आहे? "सिस्टर, तुमची चादर खराब झाली का हो माझ्यामुळे?"

चौकशीत मोठ्या सिस्टरनी एकच विचारलं. "कापडं किती होती? कुठे आहेत?" मला सांगता आलं नाही. तोवर ती वाळत घातली होती.

आजी, मला ही सवय तुझ्याकडून लागली. रागाने लिहीत नाही, आहे ते लिहिते. मी राजीनामा लिहून ठेवलाय. आणि मामी, तू घरी बाळंत व्हायचं नाहीस.

चिंगी


५ फेब्रुवारी

चिंगे,

तुझं पत्र ऐकलं. बाई वाचली, देवाची कृपा. मूलही वाचलं. मग राजीनामा कसला? आणि माझ्याकडे बोट कसलं?

मी काय तुझ्या दवाखान्यात उभी होते? माझ्याजवळ ना सुई होती ना सलाइन, दोन हात आणि गरम पाणी. त्यावर तीनशे सोळा. स्वच्छता ठेवली म्हणून माझ्या एका बाळंतिणीला ताप आला नाही. आता नात सांगते की आजीने घाण ठेवायला हवी होती. ठीक आहे. म्हातारी माणसं पुसायच्या फडक्यासारखीच असतात, सांडलं की आठवण होते.

मामीचं बाळंतपण घरीच होईल. जास्त बोलत नाही.

आजी

(चिंगे, तुझं पत्र मी त्यांना एकदाच वाचून दाखवलं. नंतर त्यांनी दोनदा विचारलं, "कापडं किती होती, असं विचारलं ना?" दोन दिवस धड जेवलेल्या नाहीत. खुंटीवरची दोरी काढून उशीखाली ठेवली आहे. मला वाटतं तू फार लागेल असं लिहिलंस. त्यांनी माझ्यासाठी काय काय केलंय ते तुला माहीत नाही. — मामी)


१२ फेब्रुवारी

आजी,

तुझं मन दुखावलं असेल तर माझे कान धर, पण आधी एका प्रश्नाचं उत्तर दे. दोरीला तीनशे सोळा गाठी आहेत, आणि त्यातली प्रत्येक बाई वाचली असं तू नेहमी सांगतेस. मग गाठ न मारलेली कुणी होती का? मला दोषी ठरवायचं नाहीये तुला. मला एवढंच कळायला हवंय की हे माझ्या एकटीच्याच हातून झालं का. रोज अॅप्रनच्या खिशात राजीनामा घेऊन जाते आणि तसाच परत आणते.

मोठ्या सिस्टरनी आता आम्हाला शिकवलंय. डोळ्याला रक्त नेहमी कमी दिसतं, निम्मंच दिसतं. म्हणून कापड फेकायचं नाही, वजन करायचं. कोरड्याचं वजन वजा केलं की उरलेला दर ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर रक्त. अर्धा लिटर झालं की कुणाची वाट बघायची नाही, सगळे उपाय एकदम सुरू. आधी मोजलं असतं तर त्या बाईचं गर्भाशय आज तिच्या पोटात असतं, असं त्या म्हणाल्या. मला लागेल अशा आवाजात नाही म्हणाल्या. म्हणून जास्त लागलं.

चिंगी


२४ फेब्रुवारी

चिंगे,

आज थट्टा नाही.

मी म्हटलं, आजचं पत्र मामा लिहील. सूनबाई म्हणाली, त्यांचं अक्षर त्यांनाच लागत नाही. मी म्हटलं, मग शेजारच्या मास्तरणीला बोलाव. ती म्हणाली, माझ्या हाताला काय झालंय? असं काय आहे जे मी ऐकायचं नाही? तेव्हा म्हटलं, बरं. मग हिच्याच हातून उतरू दे.

सूनबाई, लिही. सगळं लिही.

चिंगे, एक गेली. तिची गाठ मी मारली नाही. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची बायको. छत्तीस वर्षं झाली.

सूनबाई, थांबायचं असेल तर थांब. मी इथेच बसले आहे.

(बोला. — मामी)

तिचं हृदय कमजोर नव्हतं. पाण्याचे दोन हंडे कमरेवर घेऊन हसत चढ चढायची ती. दुपारी मुलगी झाली. चांगली रडली मुलगी. मी खालचं कापड बदललं. पुन्हा बदललं. नऊ कापडं. नऊ हे मला नंतर वाळत घालताना कळलं, तेव्हा मोजत नव्हते. तिने पाणी मागितलं, दिलं. पुन्हा मागितलं. म्हणाली, अंधारून येतंय. मी म्हटलं, दमलीस, नीज. चादर स्वच्छ होती ना. तिला भीती वाटावी असं काही मी दिसूच दिलं नाही, आणि मलाही दिसलं नाही.

इथपर्यंत म्हटलं तर अडाणीपण. पुढचं अडाणीपण नाही.

मागच्या दारी मी कापडांचं घमेलं उचलायला गेले आणि ते मला उचलेना. हाताला कळलं, चिंगे. डोळ्याला नाही कळलं, पण हाताला कळलं की हे फार झालं. मी मनाला सांगितलं, पाण्याचं वजन आहे. डाग बसतील, आधी धुऊन घ्यावं. आणि मी तिथे बसून धूत राहिले. पोट चोळायचं, मूल छातीला लावायचं, गाडी बोलवायची, यातलं जे येत होतं तेही केलं नाही. कापडं धुतली. आत आले तेव्हा ती गेलेली होती.

तिच्या नवऱ्याने बाजारभर सांगितलं, बाई गेली माझी, पण सुईणीने खोली अशी ठेवली होती की फुलासारखी निजलेली वाटली. त्याला मी हृदयाचं सांगितलं होतं. त्यानंतर मला लांबलांबून बोलावणी यायला लागली. माझ्या स्वच्छतेचं नाव झालं ते त्या दिवसापासून. मी ते घेतलं. त्याच स्वच्छतेची तुला शिकवण दिली, अभिमानाने.

आणि त्याची मुलगी मी सून करून आणली. लोक म्हणाले, केवढं मन. सूनबाई, मन नव्हतं ते.

चिंगे, त्या बाईने तुला चादरीचं विचारलं. मला विचारायला कुणी उरलंच नाही. तू चुकलीस तर पळून जाऊ नकोस. मी त्याच जागी राहून पळाले, ते जास्त वाईट.

सूनबाई, हे पत्र टाक. फाडायचं असेल तर फाड. मला वाचता येत नाही, कळणार नाही मला.

(सगळं लिहिलं. एकही शब्द गाळला नाही. माझ्या आईचं हृदय कमजोर होतं म्हणून मी लहानपणापासून जिना चढताना छातीवर हात ठेवून चढते. त्या दोरीत माझी गाठ नाही, हेही आजच कळलं. बाळंतपण दवाखान्यात होईल. — मामी)


१४ मार्च

आजी, मामी,

दोन आठवडे तुमच्याकडून काही नाही. मी रोज पेटी उघडून बघते. मामी, निदान "बरी आहे" एवढं तरी लिही.

आजी, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तुझ्यावर रागवायला बसले होते, पण ते घमेलं डोळ्यांपुढून हलेना. दुसऱ्या दिवशी मी मोठ्या सिस्टरना म्हटलं, मला वजनकाटा हवा. मिळाला. आता आमच्या वॉर्डात बाळंतिणीचं एकही कापड दोन तास खोलीबाहेर जात नाही. भिंतीवर पाटी मी स्वतः रंगवली आहे, "कापडं धुवू नका". धुणारी मावशी माझ्यावर खूप चिडली आहे. काल एकीचं सहाशे भरलं, आम्ही लगेच धावलो, संध्याकाळी ती बसून मुलाला पाजत होती.

राजीनामा अजून खिशातच आहे. फाडवतही नाही, देववतही नाही. ती शिवणकामवाली पुन्हा तपासून घ्यायला आली होती. माझ्याशी बोलली. मला तिच्याकडे बघता आलं नाही.

मामी, तू आजीशी बोलतेस का?

चिंगी


६ एप्रिल

चिंगे,

अक्षर वेगळं दिसलं म्हणून छाती धरू नकोस. मामी आहे. पलीकडच्या खाटेवर पडून मी काय सांगते ते ऐकते आहे. हे मामा लिहितोय. कोंबडी कागदावरून चालत गेली तर यापेक्षा बरं लिहील. लिही रे, हेही लिही. या घराची आता तीच रीत आहे.

सोमवारी मुलगी झाली. दवाखान्यात, दिवसाढवळ्या, तीन किलो.

पाच आठवडे सूनबाई माझ्याशी बोलली नव्हती. ताट वेळेवर यायचं, अंथरूण घातलेलं असायचं, पण शब्द नाही. मला वाटलं, दवाखान्यात मला दारातच बसवेल. तर कळा लागल्यावर तिथल्या सिस्टरला म्हणते, "सासूबाईंना आत घ्या. काय करायचं नाही ते त्यांना सगळ्यात चांगलं माहीत आहे." चिंगे, असा टोमणा मला उभ्या जन्मात कुणी मारला नव्हता. मी आत गेले.

तिथली सिस्टर तुझ्याहूनही लहान. चांगली होती, इंजेक्शन लगेच दिलं. पण तीही आपल्यासारखीच, नीटनेटकी. कापड बदललं की झाडणाऱ्या बाईला हाक. ती बादली न्यायला आली तेव्हा मी बादलीवर पाय ठेवला. म्हटलं, ही जाणार नाही. ती म्हणाली, आजी, वास येईल. मी म्हटलं, येऊ दे. सिस्टर म्हणाली, दोनशेच गेलंय, काळजी नको. मला तर डोळ्यांनी काही दिसतच नव्हतं. हो, मोतीबिंदू आहे, मामीने लिहिलेलं खरं आहे. पण एका हातात कोरडं कापड घेतलं, दुसऱ्यात ओलं. पुन्हा दुसरं. पुन्हा तिसरं. आणि छत्तीस वर्षांपूर्वीचं ते घमेलं हाताला आठवलं.

सिस्टरला म्हटलं, पोरी, माझ्या नातीने वजन करायला सांगितलंय. ती म्हणाली, इथे काटा कुठला? मी म्हटलं, मुलीचं वजन कशावर केलंस? मुलाचं वजन करायचा काटा होता कोपऱ्यात. त्याच्यात घातली सगळी कापडं. तिला आवडलं नाही, पण वाचलं तिने. एक किलो चारशे. सहा कोरड्या कापडांचे सहाशे वजा. आठशे. पोरीचा चेहरा कसा झाला ते मला दिसलं नाही, पण ती पळाली ते ऐकू आलं.

मग तू लिहिलंस ते सगळं झालं. पोट चोळलं, नळी घातली, सलाइन, दुसरं इंजेक्शन. डॉक्टरने आत हात घालून पाहिलं, वारेचा तुकडा राहिला होता, तो काढला. दोन बाटल्या रक्त चढवलं. अर्धा तास मी सूनबाईची बोटं धरून बसले होते. गार होती. बोलायला तोंड कुठे होतं? तीच डोळे मिटून म्हणाली, "आई, किती झालं, सांगत राहा." मी पुढचं प्रत्येक कापड हातावर तोलून सांगत राहिले. अर्धा पाव. त्याहून कमी. त्याहून कमी. शेवटचं जवळजवळ कोरडं लागलं तेव्हा मी ते नुसतं हातात धरून बसले, तर ती म्हणते, "थांबू नका."

गर्भाशय जागेवर आहे. सूनबाई पांढरी पडली आहे, उठली की चक्कर येते. महिने लागतील म्हणाले. माफ केलं असं ती म्हणालेली नाही. मीही विचारलेलं नाही. काल म्हणाली, दोरी आणा. मी आणली. मी एक गाठ मारली, नव्या मुलीची. तिने दोरी हातातून काढून घेतली आणि त्याच्या आधीची एक गाठ स्वतः मारली, घट्ट, दातांनी ओढून. मग भिंतीकडे तोंड करून निजली.

तुझ्या त्या राजीनाम्याबद्दल ती म्हणते आहे की तो खिशात ठेवूनच अॅप्रन धुवायला टाक. तेवढी एक गोष्ट धुतलेली चालेल. आणि त्या शिवणाऱ्या बाईकडे जा. नुसती पाटी रंगवून भागत नाही. तिच्यासमोर बैस आणि किती कापडं होती ते तुला माहीत नाही, हे तिला सांग. कसं सांगायचं ते मला विचारू नकोस, मला छत्तीस वर्षं लागली.

(थोडं मी लिहिते, यांचं अक्षर बघवत नाही. मी बरी आहे. मुलीचं तोंड माझ्या आईसारखं आहे असं सासूबाई म्हणतात. त्यांना नीट दिसत नाही, पण माझ्या आईचं तोंड त्यांच्याशिवाय कुणाला आठवत नाही, म्हणून ऐकून घेते. त्यांचे डोळे पुढच्या महिन्यात करायचे आहेत. पुढचं त्या सांगतायत ते मीच लिहिते. — मामी)

चिंगे, तुझ्या मामीला रक्त भरायला हवं. डॉक्टरने गोळ्या दिल्यात, वर खायलाही सांगितलंय. इकडचा खजूर म्हणजे नुसत्या बिया. तिकडचा पाठव, मऊ, बिया काढलेला, म्हणजे दात नसलेल्यांनाही उष्टावता येईल. दोन किलो पाठव. आणि पुडक्यावर वजन लिही. मला वाचता येणार नाही, पण हातात घेतलं की कळेल, खरं लिहिलंस की नाही.